पहिलं धनुष्य विकत घेऊ नका

दापोडीतला माझा एक मित्र चाकणला अप्रेंटिस आहे. मागच्या दिवाळीत त्याने चार-पाच महिन्यांचा स्टायपेंड साठवून धनुष्य घेतलं. सेकंडहँड, मोबाइलवर जाहिरात बघून, ४० पाऊंडांचं. 'जास्त पाऊंड म्हणजे जास्त पॉवर' हे विकणाऱ्याचं लॉजिक त्याला पटलं होतं. पहिल्या दिवशी तिसऱ्याच बाणाला हात थरथरायला लागला, आठवड्याभरात खांदा धरला. आता ते धनुष्य कपाटावर, पापडाच्या डब्याशेजारी पडून आहे. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "चुकलंच माझं. कंपाऊंड घ्यायला पाहिजे होतं."

नाही भावा, चूक ती नव्हती. पण त्याच्या डोक्यात कंपाऊंड का आलं, हे समजून घेण्यासारखं आहे.

९ एप्रिल २०२५ ला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने लॉस एंजेलिस २०२८ च्या स्पर्धांची यादी मंजूर केली आणि त्यात कंपाऊंड धनुष्याची मिश्र सांघिक स्पर्धा आली. १९७२ मध्ये तिरंदाजी ऑलिंपिकमध्ये परत आली, तेव्हापासून तिथे फक्त रिकर्व्ह धनुष्य चालत होतं. अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या प्रकारच्या धनुष्याला दार उघडलं. आणि नेमकं याच प्रकारात महाराष्ट्र जोरात आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी १७ व्या वर्षी जगज्जेती झाली. त्याच दिवशी नागपूरच्या ओजस देवतळेने अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण मारून पुरुषांचं विजेतेपद घेतलं. पुढे हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत ओजसची तीन सुवर्णपदकं. सप्टेंबर २०२५ मध्ये ग्वांगजूला भारताच्या पुरुष कंपाऊंड संघाने पहिल्यांदा जागतिक सुवर्ण जिंकलं, त्या तिघांत प्रथमेश फुगे होता. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये दिल्लीत तिरंदाजीची लीगसुद्धा झाली, 'मायटी मराठाज' नावाच्या टीमसकट.

एवढं सगळं रीलमध्ये दिसलं की हात शिवशिवणारच. रिकर्व्हमध्ये भारताला आजवर एकही ऑलिंपिक पदक नाही. पॅरिसला धीरज बोम्मदेवरा आणि अंकिता भकत चौथे आले, तेच आतापर्यंतचं सगळ्यात जवळचं. मग हिशोब सरळ वाटतो: कंपाऊंडमध्ये आपण भारी, कंपाऊंड ऑलिंपिकमध्ये आलं, म्हणजे कंपाऊंड घ्या.

इथे जरा थांबा. लॉस एंजेलिसमध्ये कंपाऊंडची स्पर्धा एकच आहे, मिश्र सांघिक. वैयक्तिक नाही, पुरुष संघ नाही, महिला संघ नाही. मिश्र संघ म्हणजे एक मुलगा, एक मुलगी. म्हणजे अख्ख्या भारतातून दोन माणसं. त्या दोन जागांसाठी रांगेत कोण आहे, ती नावं वर वाचलीतच, आणि ज्योती सुरेखा वेन्नमचं नाव तर अजून घेतलंही नाही. रिकर्व्हमध्ये वैयक्तिक, सांघिक, मिश्र अशा पाच स्पर्धा आहेत. 'ऑलिंपिकमध्ये आलं' ही बातमी खरी आहे, पण आज पहिल्यांदा बाण हातात घेणाऱ्याने तिच्यावरून धनुष्य ठरवणं म्हणजे पुणे मेट्रोची नवी लाईन जाहीर झाली म्हणून त्याच दिवशी फ्लॅट बुक करण्यासारखं आहे.

मुळात या दोन धनुष्यांत फरक काय? रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. मधला धरायचा भाग रायझर, वर-खाली लावायची दोन पाती म्हणजे लिंब. जितकं ओढाल तितकं ते जड होत जातं आणि पूर्ण ओढल्यावर, नेम धरताना, सगळा भार तुमच्या तीन बोटांवर आणि पाठीवर असतो. कंपाऊंडच्या टोकांना चाकं असतात, त्यांना कॅम म्हणतात. ओढताना मध्ये जोर लागतो आणि शेवटी चाक फिरलं की भार एकदम उतरतो. ५० पाऊंडांचं धनुष्य ७५ टक्के उतार देत असेल, तर नेम धरताना हातावर साडेबारा पाऊंडच उरतात. त्यात दोरीमधून बघायचं बारीक भोक, साईटवर भिंग, दोरी सोडायला बटणाचं रिलीज. रिकर्व्हमध्ये भिंग चालत नाही, दोरी बोटांनीच सोडायची.

म्हणून कंपाऊंड सोपं? सुरुवातीला हो. काही आठवड्यांत बाण पिवळ्यात जायला लागतात आणि खूप भारी वाटतं. पण मग सगळ्यांचेच बाण पिवळ्यात जातात. रिकर्व्हचं टार्गेट ७० मीटरवर, म्हणजे क्रिकेटची साडेतीन पिचं एकापुढे एक मांडली तेवढं लांब, आणि दहा गुणांचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटर, जुन्या सीडीपेक्षा केसभर मोठं. कंपाऊंडमध्ये ५० मीटरवर ते ८ सेंटिमीटर, तुमच्या एटीएम कार्डच्या लांबीपेक्षाही कमी. बर्लिनच्या फायनलमध्ये ओजसने १५० पैकी १५० मारले आणि समोरच्याचे १४९ होते. अख्ख्या फायनलमध्ये फरक फक्त एका गुणाचा. अशा खेळात यंत्र उत्तम ट्यून झालेलं लागतं, आणि खरा खर्च तिथून सुरू होतो. कंपाऊंडची दोरी बदलायची तरी धनुष्य दाबून धरणारं प्रेस लागतं, ते घरी नसतं. काही बिघडलं तर ते दुरुस्त करणारा माणूस तुमच्या आसपास आहे का, हा प्रश्न ब्रँडच्या आधी येतो.

आता मित्राच्या ४० पाऊंडांकडे येऊ. चूक तिथे होती. ४० पाऊंड म्हणजे साधारण १८ किलो. स्पर्धेच्या एका पात्रता फेरीत ७२ बाण मारायचे असतात. प्रत्येक बाणाला १८ किलो धरले तर जवळजवळ तेराशे किलो ओढणं होतं, तेही दर वेळी काही सेकंद थांबून, हात न हलवता. २४ पाऊंडांचं धनुष्य घेतलं तर हाच आकडा पावणेआठशेच्या आसपास येतो. जिममध्ये पहिल्याच दिवशी कोणी बारवर सगळ्या प्लेट्स चढवत नाही. चढवल्या तर ट्रेनर ओरडतो. धनुष्याच्या जाहिरातीत ओरडायला कोणी नसतं, एवढाच फरक.

आणि जड धनुष्याने फक्त खांदा दुखत नाही. ते चुकीचं शिकवतं. ओढवत नाही म्हणून तुम्ही खांदा कानापर्यंत वर उचलता, कंबर मागे टाकता, हनुवटी दोरीकडे नेता, घाईत सोडता. शरीर हे सगळं लक्षात ठेवतं आणि मग पुढची दोन वर्षं कोच तेच काढत बसतो. साधारणपणे नवशिक्या कॉलेजवयीन मुलामुलींना १६ ते २४ पाऊंडांच्या दरम्यानचं रिकर्व्ह देतात. कोणाला त्यातलं कुठलं, हे विचारायचा साधा मार्ग म्हणजे पूर्ण ओढून दहाएक सेकंद धरून बघायचं, मग थोडं थांबून परत, आणि परत. चौथ्या-पाचव्या वेळी हात थरथरला तर धनुष्य जड आहे. इगो बाजूला ठेवा, तिथे कोणी व्हिडिओ काढत नसतं. (काढत असेल तर त्याला सांगा, बाण परत आणायला मदत कर.)

लिंबवर '२८ इंचाला २४ पाऊंड' असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातही गंमत आहे. तो आकडा २८ इंच ओढणाऱ्यासाठी असतो. तुमचे हात लांब असतील आणि तुम्ही ३० इंच ओढत असाल तर तेच धनुष्य तुम्हाला चारेक पाऊंड जड लागेल. बुटक्या मैत्रिणीला तेच हलकं लागेल. स्वतःची ओढ ढोबळमानाने काढायची तर दोन्ही हात पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत इंचात मोजा आणि अडीचने भागा. ७० इंच आले तर २८. बाण या ओढीपेक्षा एक-दोन इंच लांब हवा. तोकडा बाण पूर्ण ओढल्यावर आत घसरून थेट हातात घुसू शकतो, हे सांगताना मी अजिबात अतिशयोक्ती करत नाहीये.

अजून एक गोष्ट खरेदीआधी कळायला हवी, ती म्हणजे तुमचा डोळा. दोन्ही हात पुढे करून पंज्यांमध्ये छोटं त्रिकोणी भोक करा, त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघा आणि एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना घड्याळ भोकातच राहतं, तो तुमचा मुख्य डोळा. तो उजवा असेल तर सहसा उजव्या हाताचं धनुष्य, म्हणजे डाव्या हातात धरायचं आणि उजव्याने ओढायचं. काही उजखोऱ्या मुलांचा डोळा डावा निघतो. रायझर उजव्याचा वेगळा, डाव्याचा वेगळा. चुकीचा घेतलात तर बदलायला स्क्रू नसतो, आख्खा नवा घ्यावा लागतो.

एवढं सगळं वाचून तुमच्या लक्षात आलंच असेल की पहिल्या तीन-चार महिन्यांत तुमचं सगळंच बदलत असतं. ताकद वाढते, ओढ लांबते, उभं राहणं सुधारतं. म्हणजे पहिल्या महिन्यात बरोबर असलेलं धनुष्य पाचव्या महिन्यात चुकीचं असणारच आहे. अशी वस्तू विकत का घ्यायची? पहिलं धनुष्य क्लबचं असावं. किंवा कॉलेजचं. आणि ते नसेल तर खरा प्रश्न 'कुठलं घेऊ' हा नसून 'ते का नाही' हा आहे.

याचं उत्तर शोधायला साताऱ्याला जावं लागेल. एकाच जिल्ह्यातल्या दोन तिरंदाजांकडे बघा.

प्रवीण जाधव फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा. आईवडील मजुरी करायचे. तो आधी धावायचा. शाळेतल्या शिक्षकांनी त्याच्यात काहीतरी पाहिलं आणि तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत पोहोचला, तिथे तिरंदाजी हातात आली. पुढे लष्करात भरती. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रिकर्व्ह संघाचं रौप्य, मग टोकियो आणि पॅरिस अशी दोन ऑलिंपिक. टोकियोच्या आधी राष्ट्रीय रिकर्व्ह संघाचं शिबिर पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये होतं, दापोडीहून तासाभरावर. या सगळ्या प्रवासात धनुष्य घ्यायला सरडेच्या त्या घराने पैसे आणले असते तर कुठून? ते आणावे लागले नाहीत, कारण धनुष्य आधी प्रबोधिनीकडे होतं, नंतर लष्कराकडे.

अदिती स्वामीची गोष्ट वेगळी आहे. वडील शिक्षक. लहानपणी साताऱ्याच्या शाहू स्टेडियममध्ये तिने तिरंदाजी पाहिली आणि अडकली. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या अकादमीत, उसाच्या शेताला लागून असलेल्या मैदानावर सराव. पण तिचा प्रकार कंपाऊंड, तेव्हा ऑलिंपिकबाहेरचा. साहित्यासाठी वडिलांनी कर्ज काढलं. जगज्जेती होण्याआधीची ती वर्षं त्या घराने हप्ते भरत काढली असणार. पदक मिळाल्यावर अर्जुन पुरस्कार आला, कौतुक झालं, सगळं झालं. पण कर्ज काढताना पदक मिळेल अशी खात्री कोणीच दिलेली नव्हती.

मला यातून दिसतं ते असं: प्रवीणच्या वेळी धोका सरकारी संस्थेने घेतला आणि अदितीच्या वेळी तो एका शिक्षकाच्या पगाराने घेतला. आपण दोन्ही गोष्टी 'जिद्दीची कहाणी' या एकाच हेडिंगखाली छापतो. (आमच्या व्यवसायाची ती खोडच आहे, आणि मी शिकाऊ असलो तरी त्यातलाच.) ज्या घरातल्या वडिलांना बँक कर्ज देत नाही, त्या घरातल्या मुलीची कहाणी छापायला आमच्याकडे येतच नाही.

आता दापोडीत परत या. एका बाजूला मुळा, दुसऱ्या बाजूला पवना, मधून रेल्वे, हायवे आणि मेट्रो. ७० मीटर सरळ, मोकळी आणि मागे माणूस येणार नाही अशी जागा इथे शोधून दाखवा. सीएमईच्या भिंतीआड जागा भरपूर आहे, पण ती लष्कराची आहे, आपल्या संध्याकाळच्या सरावासाठी नाही. गच्चीचा विचार मनात आला असेल तर तो आत्ताच काढून टाका. चुकलेला बाण शंभर-दीडशे मीटर सहज जातो आणि तुमच्या गच्चीपासून शंभर मीटरवर कोणाची तरी बाल्कनी आहेच. म्हणजे दापोडीच्या मुलामुलीसाठी धनुष्याच्या आधी मैदान आणि कोच हे दोन प्रश्न आहेत. आठवड्यातून चार दिवस तुम्ही पोहोचू शकाल असं मैदान कुठे आहे आणि तिथला कोच काय शिकवतो, रिकर्व्ह की कंपाऊंड, यावरच तुमचा प्रकार ठरणार आहे. कोच रिकर्व्हचा आणि तुम्ही कंपाऊंड घेऊन उभे, यात दोघांचाही वेळ जातो.

तिसराही एक प्रकार आहे, इंडियन राऊंड. बांबूचं किंवा लाकडाचं साधं धनुष्य, मोठ्यांसाठी अंतर ५० आणि ३० मीटर. आपल्याकडे शालेय आणि राष्ट्रीय स्पर्धा त्यात होतात आणि खर्च काही हजारांत भागतो. देशाबाहेर मात्र ही स्पर्धा नाही. म्हणून काही जण तिला नाक मुरडतात. मला ते पटत नाही. शिकायला, हात बसायला आणि हा खेळ आपल्याला खरंच आवडतो का, हे कळायला ती उत्तम आहे. फक्त पुढे रिकर्व्हकडे जायचं असेल तर किती दिवस इथे राहायचं, हे कोचशी पहिल्यांदाच बोलून घ्या. उशीर झाला की सवयी मोडायला त्रास होतो.

पैशाचं बोलायचं तर, सुट्या लिंबांचं शिकाऊ रिकर्व्ह, बाण आणि हातातली किरकोळ सामग्री धरून साधारण एका बऱ्या मोबाइलच्या किमतीत येतं. स्पर्धेचं धनुष्य, साईट, स्टॅबिलायझर, चांगले बाण या सगळ्याचा आकडा लाखाच्या वर जातो, कंपाऊंडमध्ये दोन-तीन लाखांपर्यंत. चांगलं साहित्य बहुतेक परदेशी. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. लाखाच्या किमतीमागे सात हजार वाचले. पण ज्याच्याकडे लाखच नाहीत, त्याचं यातून काय वाचलं?

त्याला हवी आहेत उसनी मिळणारी धनुष्यं. आणि इथे तुमचा, माझा, आपल्या सगळ्यांचा संबंध येतो. दर वर्षी ॲडमिशनच्या पावतीवर जिमखाना फी असते. ती कुठे जाते, हे आपण कधी विचारतो? शिकाऊ रिकर्व्हचे चार रायझर (तीन उजवे, एक डावा), १६ ते २४ पाऊंडांच्या लिंबांच्या पाच-सहा जोड्या, दोन-तीन डझन बाण आणि दोन टार्गेट. एवढ्यात वीस-पंचवीस मुलं आलटून पालटून वर्षभर शिकू शकतात, कारण लिंब सुटे असतात, आज तुम्हाला जड झालेली जोडी उद्या दुसऱ्याला बरोबर बसते. याची एकूण किंमत कॉलेजच्या एखाद्या फेस्टच्या स्टेज आणि साऊंडपेक्षा जास्त होईल असं मला वाटत नाही. एका कॉलेजला मैदान आणि कोच झेपत नसेल तर तीन-चार कॉलेजांनी मिळून करावं. महापालिकेने एखाद्या मैदानाचा ठरावीक वेळ आणि मागची भिंत दिली तरी पुष्कळ झालं. विद्यापीठ आंतरमहाविद्यालयीन तिरंदाजी स्पर्धा घेतंच, पण तिथे उतरतात ती बहुतेक स्वतःचं धनुष्य असलेलीच मुलं. मग टॅलेंट शोधलं असं आपण कशाला म्हणायचं?

यावर एक आक्षेप बरोबर आहे. स्वतःच्या धनुष्याशिवाय ठरावीक पातळीच्या पुढे जाता येत नाही. प्रत्येक धनुष्य वेगळं, तुमच्या बोटांना, दोरीच्या उंचीला, बाणाच्या लवचिकतेला ट्यून केलेलं लागतं. मान्य. म्हणून कधीतरी घ्यावं लागेलच. पण ते कधी? तुमची ओढ दोन-तीन महिने बदललेली नाही, पाऊंड वाढवायचा वेग मंदावलाय आणि सलग सहा महिने तुम्ही पावसापाण्यात मैदानावर पोहोचताय, असं कोच म्हणेल तेव्हा. आणि घेताना रायझर चांगला घ्या, लिंब स्वस्त. रायझर अनेक वर्षं चालतो, लिंब बदलत जाणार आहेत. दोन्ही एकमेकांना बसणाऱ्या प्रमाणित जोडणीचे आहेत ना, हे विकणाऱ्याला विचारा. नाहीतर पुढची लिंब त्याच कंपनीची शोधत फिराल. सेकंडहँड लिंब घेताना आधी आपल्या कोचला दाखवा. बोट फिरवून चीर बघा, दोरी चढवून ती बरोबर मधून जाते का बघा. आणि कोणी तुमच्यासमोर बाण न लावता दोरी ओढून सोडली तर ते धनुष्य घेऊ नका. बाण नसला की सगळा जोर लिंबांतच जिरतो आणि ती तडकतात.

फिंगर टॅब, आर्म गार्ड, मुली आणि मुलांसाठीही चेस्ट गार्ड, या तीन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून स्वतःच्या असू द्या. स्वस्त आहेत, आणि दोरीचा फटका कोपराच्या आतल्या बाजूला बसला की निळं व्हायला होतं ते वेगळंच.

मित्राला मी हेच सांगितलं. तो आता २० पाऊंडांची लिंब त्याच्या रायझरला बसतात का ते बघतोय. रायझर उजव्याचा आहे. त्याचा डोळा डावा निघालाय.